मागच्या दोरीवरची फडकी

माझ्या बायकोचा आवाज बसलेला नाही. कधीच बसला नव्हता. तिचा आवाज बसला हे पहिल्यांदा मी बोललो, आमच्या ओट्यावर उभा राहून, अंबाडीकडून आलेल्या दोन पाहुण्यांना. तिथून ते वाक्य गावात फिरलं, मग वळ गावाला गेलं, कशेळीला गेलं, जिथे जिथे आमच्या सोयरिकी आहेत तिथे पोचलं. आजही कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की एखादी म्हातारी हळहळते, "काय गायची ती! पन गला गेला बिचारीचा." आणि मी तिथेच बसलेला असतो. बशीत चहा ओतत.

तो चहा हातात धरून बसलेला माणूस मला सहन होत नाही. म्हणून लिहितो आहे.

माझी बायको धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. हळद असो, देवक असो, मांडव असो, प्रत्येक विधीला ती धवळे गाते आणि पुढे काय करायचं ते सांगते. पहिली हळद नवऱ्याला तिच्या हातची लागते, मग बाकीच्या बायका हात लावतात. माझ्या बायकोला हे तिच्या आत्याकडून आलं होतं. शाळेत ती चौथीपर्यंत गेली, पण चार-चार तास चालणारे धवळे तिला तोंडपाठ होते. लग्नसराईत तिला बोलवायला रिक्षा यायच्या. एरवी माझ्यासमोर खाली मान घालून बोलणारी ही बाई मांडवात गेली की पाटलालासुद्धा म्हणायची, "तुमी जरा बाजूला सरा, पाटील. इथं तुमचं काम न्हाय." आणि पाटील सरायचा.

हे सगळं माझ्यामुळे गेलं. माझ्या कातडीमुळे म्हणत होतो इतकी वर्षं. कातडीचा काही दोष नाही.

मी भिवंडीत लूमवर जॉबर होतो. लूम बिघडला की कारागीर हाक मारतो आणि जॉबर पान्हा घेऊन लूमखाली उकिडवा बसतो. बारा तासांची ड्युटी, वर पत्रा, हवेत कापसाचा भुगा, अंगातून घामाच्या धारा. पन्नाशीला आलो तेव्हा मला खाली चट्टे उठले. 'खाली' हा शब्द मीही तेव्हा वापरायचो. खाली खाजतं, खाली आग होते. गुडघासुद्धा खालीच असतो. आता वय झालं, आता सरळ लिहितो: लिंगावर, अंडाच्या कातडीवर आणि जांघेत लालबुंद, चकचकीत चट्टे आले. घाम लागला की तिखट चोळल्यासारखी आग व्हायची. खाजवलं की कातडी चिरायची. बसलो तर घासायचं, चाललो तर घासायचं.

कुणाला विचारणार? शेडमधल्या चाळीस माणसांपैकी निम्मी जांघा खाजवत असायची. गावापासून लांब, एका खोलीत दहाजण राहणारी माणसं ती. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे त्यांची रांग लागायची. मीही लागलो.

"चाचा, खुजली? ये लो. दो दिन में साफ."

त्याने तपासलं नाही, विचारलं नाही. एक ट्यूब दिली. आणि खरंच, दोन दिवसांत साफ! मला वाटलं, या माणसाला देव पावला आहे. आठवड्याने ट्यूब बंद केली आणि चट्टे दुप्पट होऊन परत आले. पुन्हा ट्यूब. असं सात-आठ महिने चाललं. शेवटी कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली आणि लेंगा लागला तरी रक्त यायला लागलं. मी त्याला जाऊन म्हटलं, बाबा, हे वाढतंय. तो म्हणाला, "तो फिर बडा वाला ट्यूब ले जाओ." हा माणूस अजून जिवंत असेल तर त्याने हे वाचावं. तुझ्या त्या काउंटरवर मी हात जोडून उभा होतो. तुला एकदा तरी म्हणता आलं असतं की डॉक्टरकडे जा.

मग शेडमधल्या एकाने एस.टी. स्टँडजवळच्या गुप्तरोगवाल्याचं नाव सांगितलं. तिथे पडद्याआड मळकं टेबल, भिंतीवर किळसवाणी चित्रं. त्याने लांबूनच पाहिलं.

"बाहर जाते हो?"

"रोज जातो. ड्युटीला."

तो हसला. त्याचा कंपाउंडर हसला. "अरे चाचा, औरत के पास."

मी सांगितलं, नाही. आईची शपथ घेऊन सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "सब यही बोलते हैं," आणि इंजेक्शनं लिहून दिली. तिथून बाहेर पडताना मी तोंडावर रुमाल धरला. न केलेल्या गोष्टीसाठी चोरासारखा चाललो. त्या दिवसापासून ही लाज माझ्या अंगात जी शिरली ती निघेना.

बायकोला कळलं ते रक्ताच्या डागांवरून. तिने लेंगा पुढ्यात धरला आणि विचारलं, "ह्ये काय हाय?" मी म्हटलं, "खाली झालंय काहीतरी." तिने पुढे एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शेडमधून लूमवरच्या कापराचे तुकडे आना. कोरे."

लूमवरून उतरतं ते कोरं कापड खळीने कडक असतं, पुठ्ठ्यासारखं. सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते. मी वाया गेलेले तुकडे आणायचो. ती ते रात्रभर भिजत घालायची, दगडावर आपटायची, उकळत्या पाण्यात टाकायची, पुन्हा धुवायची. सात-आठ धुण्यांनंतर ते कापड तान्ह्या पोराच्या दुपट्यासारखं मऊ व्हायचं. त्याची ती हातभर फडकी करायची, मला लंगोटासारखी बांधायला, घाम टिपायला. दिवसाला चार-पाच फडकी लागायची. ती वेगळ्या पातेल्यात उकळायची आणि मागच्या दारी, कोंबड्यांच्या खुराड्याशी बांधलेल्या दोरीवर वाळत घालायची. वरून जुनं लुगडं टाकायची, कुणाला दिसू नयेत म्हणून.

तिनेच मला ठाण्याला नेलं. तिच्या माहेरच्या कुणाला तरी अंगावर चट्टे होते, त्यांच्याकडून तिने कातडीच्या डॉक्टरचा पत्ता काढला. डॉक्टर निघाल्या बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी दारातूनच मागे फिरत होतो. बायको बाहेरच्या बाकावर बसली होती, ती म्हणाली, "जा मुकाट. लाजायचं ते लाजून झालंय."

डॉक्टरबाईंनी पाहिलं. मग अशा जागा पाहिल्या ज्या मी दाखवल्या नव्हत्या. कानामागे, कोपरावर, नखांवर. माझ्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होते. मला वाटायचं ते लूमच्या कामाने पडलेत. त्या म्हणाल्या, "हा सोरायसिस आहे. अंगावर कुठेही होतो, तुम्हाला नेमका तिथे जास्त झालाय. त्या ट्यूबांनी वाढवून ठेवलाय."

मी विचारलं, "बायकोला लागेल का?"

"नाही. हा लागणारा रोग नाही. तुम्हाला कुणाकडून आलेला नाही, तुमच्याकडून कुणाला जाणार नाही. घराण्यात असू शकतो, तेवढंच. पूर्ण जाणार नाही, पण सांभाळता येईल. आणि बाहेर बसल्यात त्यांना बोलवा, त्यांनाही सांगते."

मी म्हणालो, "नको. मी सांगतो."

हे मी सांगितलं नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणालो, "मलम दिलंय. साबण लावायचा नाही." बस. का सांगितलं नाही? इतकी वर्षं मी स्वतःला उत्तर देत आलो की संकोच वाटला, इंग्रजी नाव जिभेवर बसेना, रिक्षात माणसं होती. खरं उत्तर वाईट आहे. ती न विचारता सगळं करत होती. सांगायला बसलो असतो तर गुप्तरोगवाल्याचं सांगावं लागलं असतं, इंजेक्शनांचं सांगावं लागलं असतं. न सांगता माझं चाललं होतं. मग कशाला बोला?

मलमाने फरक पडला. हलकं मलम दहा दिवस, मग बंद. रोज आंघोळीनंतर साधं व्हॅसलीन. पाणी टिपायचं, पुसायचं नाही. उठायचं तेव्हा उठायचं. लूमचं बेअरिंग तापायला लागलं की जॉबरला हात लावून कळतं, तसं मला आदल्या दिवशी कळायचं. घसा धरला, तीन रात्री जागरण झालं, मालकाशी भांडण झालं की आठ दिवसांत चट्टे हजर. मग पंधरा दिवस फेंगडं चालणं, उभ्याने जेवणं. मग शमायचं. असं वर्षातून तीनदा-चारदा. जगता येत होतं.

आमच्या आणि माझ्या मोठ्या भावाच्या घराला मागचं परस एकच. वहिनीने एक दिवस दोरीवरचं लुगडं उचललं.

तिने काय पाहिलं? रोज उकळून धुतलेली, हातभर लांबीची पांढरी फडकी, लपवून वाळत घातलेली. आणि घरात पाळी जाऊन वर्षं झालेली बाई. तिने हिशोब केला. विचारलं कुणाला नाही. आठ दिवसांत विहिरीवरच्या बायकांना ठाऊक झालं की धवलारणीला खाली रोग झालाय, रोजची फडकी बदलावी लागतात. पुरुषाचीही फडकी असू शकतात, हे त्या विहिरीवर एकीच्याही डोक्यात आलं नाही. पुरुषाला 'खाली' काही होतच नाही ना आपल्याकडे!

हे माझ्या कानावर आलं, आणि मी ऐकून घेतलं.

त्याच वैशाखात माझ्या पुतण्याचं, त्या वहिनीच्याच मुलाचं, लग्न निघालं. घरातली धवलारीण असताना दुसरी कोण येणार? बायकोने दहा दिवस आधीपासून आवाज जपला. ताक सोडलं, आंबट सोडलं. हळदीच्या दिवशी नवं लुगडं नेसून मांडवात गेली तर पाटाशेजारी दुसरीच बाई बसलेली. वळवरून आणलेली धवलारीण.

माझ्या बायकोने विचारलं, "बाय, ह्या कोन?"

वहिनी नजर न उचलता म्हणाली, "तुझी तब्येत बरी न्हाय ना. तू बस आराम कर. हलदीला हात नको लावू."

"मना काय झालंय?"

"आता सगल्यांसमोर बोलू काय?"

मी दहा हातांवर मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. मला त्या आठवड्यात उठलं होतं, मांड्या फाकवून चाललो तर एक मेव्हणा मोठ्याने ओरडला होता, "अरं, हलद कोनाला लागलीय? हा बग कसा नवऱ्यासारका चालतोय!" सगळे हसले, मीही हसलो होतो. त्या खांबाशी उभं राहून मला फक्त पाच शब्द बोलायचे होते. ती फडकी माझी आहेत, वहिनी. एवढेच.

बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. मी काय करतो ते पाहिलं. मग पदर डोक्यावर घेऊन मागे चुलीकडे गेली आणि लसूण सोलायला बसली. मांडवात वळच्या बाईने गायला सुरुवात केली. ती मध्ये दोनदा चुकली. चुलीपाशी बसलेल्या माझ्या बायकोचा हात दोन्ही वेळा थांबला, मी पाहिलं.

त्यानंतर बोलावणी बंद झाली. अंबाडीकडचे पाहुणे तेवढे आले, त्यांना ठाऊक नव्हतं. ती आत होती. मला वाटलं, ही गेली आणि तिथे कुणी काही बोललं तर? म्हणजे तिची अब्रू वाचवायला मी म्हणालो, "तिचा आवाज बसलाय हो. आता गात नाही." असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. तिथे तिला कुणी काही बोललं असतं तर कधी ना कधी तिने खरं सांगितलं असतं, ही भीती होती मला. पाहुणे गेल्यावर आत आलो तर ती दारामागेच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "जेवता ना?"

पाच वर्षं गेली. गावाच्या शेतांवर गोडाऊन उठली, भावाने जमीन दिली, घरावर मजला चढवला. फडकी मात्र रोज उकळत होती, मागच्या दोरीवर वाळत होती.

मग एका सकाळी भावाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. पुतण्याला चट्टे उठले होते. कोपरावर, आणि जांघेत. वहिनी सुनेच्या अंगावर ओरडत होती, "तूच आनलास ह्यो रोग! कशेलीशी घेऊन आलीस! आमच्यात कोनाला न्हाय असलं काय!" सून माहेरची कशेळीची. ती बिचारी कपड्यांची पिशवी भरत होती, पोर कडेवर. भाऊ खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करत होता. पुतण्या भिंतीकडे तोंड करून उभा. मी त्याची ती पाठ पाहिली. ती माझीच पाठ होती. खांबाला धरून उभी राहिलेली.

मी म्हणालो, "वहिनी, तिला सोडा. हे आपल्या घराण्यातलं आहे. मला आहे. पाच-सहा वर्षं झाली."

"तुमाला? कुटं?"

"तिथेच. लिंगावर, जांघेत. ती मागच्या दोरीवरची फडकी माझी आहेत. हिची कधीच नव्हती. आणि हा लागणारा रोग नाही. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, कुणाकडून येत नाही, कुणाला जात नाही."

वहिनी खाली बसली. म्हणाली, "भावजी, मंग तवा का न्हाय बोललाव?" तिच्यावर मला ओरडायचं होतं. तू का नाही विचारलंस, म्हणायचं होतं. पण ती बरोबर विचारत होती.

सुनेने पिशवी खाली ठेवली. पुतण्याला मी स्वतः ठाण्याला नेलं आणि त्याच्या बायकोला आत बोलवायला लावलं. एवढं एक बरं झालं. पण हे त्याचं लिखाण नाही.

त्या सकाळी माझ्या मागे माझी बायको उभी होती. मला वाटलं, आता हिचं ओझं उतरेल. घरी आल्यावर तिने दार लावलं. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा माझ्यावर चढलेला ऐकला. मांडवातला आवाज.

"पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं? लागत न्हाय म्हनून?"

"हो."

"मी बाहेर बाकरावर बसले व्हते तवा?"

"हो."

"मी काय समजत व्हते ठाऊक हाय तुमाला? तुमी त्या गल्लीत गेलाव, तिकरून आनलंत, असं समजत व्हते. देवाशपत. सहा वरसं. म्हनून फरकी उकलत व्हते, पोरीची लेक घरी येते, त्या नातीला लागू नये म्हनून. म्हनून मांडवात तोंड उघरलं न्हाय. बोलले असते तर लोक तुमाला काय बोलले असते? माजं गानं गेलं तर जाऊ दे, नवऱ्याचं नाव नको जायाला. आन तुमी खरं काय ते खिशात घेऊन फिरत व्हताव!"

मी म्हटलं, "तू मला विचारायचं होतंस."

हे वाक्य मी बोललो याची मला मांडवातल्या गप्प बसण्यापेक्षा जास्त चीड येते. ती हसली. तसं हसणं पुन्हा मी ऐकलं नाही, ऐकायचंही नाही.

त्या दिवशी तिने पातेलं माझ्यापुढे ठेवलं. तेव्हापासून माझी फडकी मी धुतो. आता उकळत नाही, गरज नाही आणि तेव्हाही नव्हती. मागची दोरी मी सोडून आणली आणि पुढच्या ओट्यावर बांधली, रस्त्याच्या बाजूला. गोडाऊनच्या गाड्यांची धूळ बसते त्यांच्यावर, दोनदा झटकावी लागतात. कुणी विचारलं की सांगतो. बरेचजण विचारत नाहीत, मान फिरवतात. मग मीच सांगतो.

त्याच वर्षी वहिनी साडी आणि नारळ घेऊन बोलवायला आली, तिच्या भाचीच्या लग्नात गायला. बायकोने नारळ परत केला. "आता मना न्हाय गायाचं, बाय. गला चांगला हाय. पन गायाचं न्हाय." वहिनी रडली. बायको रडली नाही. मी मध्ये बोलायला गेलो तर म्हणाली, "तुमी गप्प बसा. तुमाला जमतं ते."

पण लोकांना नारळ परत केलेला आठवत नाही. त्यांना माझंच वाक्य आठवतं, कारण ते सोपं आहे. गला गेला बिचारीचा.

गेल्या महिन्यात हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. आधी मी लूमपासून सुरुवात केली होती, पत्रा, घाम, मग चट्टे, मग मेडिकलवाला. ती निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचं दुखनं लोक वाचतील न वाचतील. आवाज बसला असं कोन बोललं, ते पयलं लिवा. सगल्यात वर."

तसं केलं आहे.